‘ना’चं बटण

आमचे घरमालक माणसाची पारख आठावरून करत. पत्रिकेतल्या आठव्या घराशी ह्याचा काही संबंध नाही. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे आकडे बारीक दांड्यांचे बनतात. एकाला दोन दांड्या पुरतात, पण आठ उमटायचा तर सगळ्या पेटाव्या लागतात. म्हणून दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्रावर ते आधी पडदाभर आठ काढायचे, डोळ्यांपाशी नेऊन एकेक न्याहाळायचे आणि मगच म्हणायचे, "आठ दाखयता." म्हणजे पास. हीच तपासणी पुढे यंत्रांवरून माणसांवर आली. वाड्यावरच्या एका पुढाऱ्याबद्दल म्हणाले, "भाशण बरें करता, पूण मदली दांडी पेटना." शेजारच्या सुनेला सगळे नावं ठेवायचे, हे मात्र तिच्या बाजूने. "ती आठ दाखयता. तुमचेच दोळे तपासून घेयात."

मला भाड्याने राहायला येऊन महिना झाला असेल-नसेल, तेव्हा मी विचारलं, "आणि मी हो काका?" त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "तूं बरी आसा. पूण एक दांडी मदीं मदीं फडफडटा. तोंडाकडची."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, माझ्यासाठी दोन गरम पोयी घेऊन दारात लटकवल्या. पिशवीला चिठ्ठी वगैरे काही नाही. माफी मागायची त्यांची हीच रीत होती आणि मला ती पटली, कारण पोयी खरंच गरम होत्या.

मी पेडण्याकडची, चोपड्याची. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून ह्या घरातल्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. बायको गेल्यापासून काका एकटेच होते. पुढची साल, म्हणजे आमच्याकडचा दिवाणखाना, पाहुण्यांसाठी असते. काकांच्या सालेत पाहुण्याला बसायला एकच खुर्ची, तीही भिंतीकडे तोंड करून. बाकी सगळीकडे यंत्रं. लाल आकड्यांची, हिरव्या आकड्यांची, विटेएवढी, पत्त्यांच्या जोडाएवढी, झाकणवाली, कातडी पाकिटातली. काही खिशातले कॉम्प्युटर होते, म्हणजे बटणांवर आकड्यांशिवाय ए बी सी डी असलेले, एका ओळीच्या पडद्याचे. उभी हयात काकांनी खाणीच्या ऑफिसात अशी यंत्रं दुरुस्त केली होती. खाणी बंद झाल्या, ऑफिसं रिकामी झाली, यंत्रं भंगारात गेली, आणि काका त्यांच्यामागे भंगारात गेले. हे शेवटचं वाक्य माझं नाही, त्यांच्या मुलीचं आहे. तिच्याकडे येतेच.

घरात शिरलं की आधी वास यायचा तो विनागराचा. माडाच्या सुरेचा आंबट विनागर आम्ही लोणच्याला वापरतो, काका सेलांना वापरायचे. जुने सेल पोटातल्या पोटात फुटतात आणि हिरवट-निळा क्षार पत्र्यावर चढतो, तो विनागरात बुडवलेल्या कापसाने सुटतो. बाजारातला बाटलीबंद नको, म्हापशाच्या बाजारात एक बाई बसते तिचाच पाहिजे. मी एकदा म्हटलं, "काका, आम्ल ते आम्ल. आमच्या लॅबमधून आणून देते हवं तर." ते इतके दुखावले की मी तो विषय पुन्हा काढला नाही. तोच विनागर ते बांगड्याच्या तिखल्यातही घालायचे, आणि बाटली एकच होती.

त्यांचे नेम पुष्कळ. बटणाचा संपर्क पुसायला शाळेचं खोडरबर, ब्लेड कधीच नाही. स्क्रू काढला की तो केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायचा, कारण पानावर घरंगळत नाही आणि हरवला तर पान शोधायला सोपं. दुरुस्त झालेलं यंत्र मालकाच्या हातात तसंच द्यायचं नाही, त्याने समोर बसून एक गणित करायचं. हरमलला खोली घेऊन राहिलेला एक गोरा पोरगा स्कूटरवरून आजोबांचा लाल आकड्यांचा कॅल्क्युलेटर घेऊन आला होता. त्यालाही बसवलं. तो म्हणाला, गणित जमत नाही. काका मला म्हणाले, "सांग ताका, आजोबाच्या वर्सांतल्यान आपलीं वर्सां वजा कर." पोराने केलं, उत्तर बघितलं आणि बराच वेळ ते बघतच बसला. काकांनी त्याला उठवलं नाही. मी चहा केला.

पण सगळ्यांत पहिला नेम सेलांचा. यंत्र बंद करून ठेवायचं असेल तर सेल आधी बाहेर. "सेल भितर दवरून मशीन न्हिदायली, म्हणजे ती मारूनच उडयली," असं ते येईल त्याला सांगायचे. मुलीला लहानपणी पाढ्यांच्या आधी हा नेम शिकवला होता म्हणे. भेटीला आलेल्या माणसाच्या हातात टॉर्च दिसला तरी विचारायचे, "सेल काडून दवरता मरे?"

वाळपईच्या भटजींची गोष्ट इथेच सांगून टाकते. ते पत्रिका कॅल्क्युलेटरवर मांडायचे. पडदा अंधुक झाला म्हणून घेऊन आले. काकांनी आठ काढले, तर पडदाभर शून्यं! मधल्या दांड्या साफ मेलेल्या. आठाची मधली दांडी गेली की त्याचा शून्य दिसतो. भटजी घामाघूम. "कधीपासून असेल हो हे?" काका म्हणाले, "ते मशीन सांगना." भटजींनी डोक्याला हात लावला. गेल्या हंगामात त्यांनी ह्याच यंत्रावर एक लग्न जुळवलं होतं. काकांनी स्क्रू पिळता पिळता विचारलं, "तीं दोगां बरीं आसात?" भटजी म्हणाले, "बरी म्हणजे काय, अगदी छान चाललंय." "मग ओगी रावात. तांकां सांगूं नाकात," काका म्हणाले आणि पडदा दाबणारी रबराची पट्टी बदलायला घेतली. भटजी पुढे दर चतुर्थीला त्यांच्याकडे पूजेला येऊ लागले, दक्षिणा न घेता. का ते आम्हा तिघांनाच ठाऊक.

आता त्या एका यंत्राबद्दल.

जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी एक खिशातला कॉम्प्युटर असायचा. करड्या रंगाचा, कोपरा फुटलेला. तो दुरुस्तीला आलेला नव्हता. काकांची मुलगी शाळेत असताना तिने त्यात एक छोटासा प्रोग्राम घातला होता. यंत्र चालू केलं की पडद्यावर रोमन अक्षरांत प्रश्न यायचा: पप्पा, जेवलो? म्हणजे, जेवलास का? आमच्याकडे बापालाही तूच म्हणतात. प्रश्नाला दोन उत्तरं होती. ‘हय’चं, म्हणजे होचं, बटण दाबायचं किंवा ‘ना’चं. हय दाबलं की पडद्यावर यायचं: बरें, आतां न्हिद. जेवून दुपारची झोप काढणं हा गोव्यात धर्मच आहे, शाळेतल्या मुलीलाही तो ठाऊक होता.

काका रोज दुपारी जेवायचे, हात धुवायचे, कोरडे करायचे, यंत्र चालू करायचे, प्रश्न वाचायचे, हय दाबायचे, उत्तर वाचायचे आणि आडवे व्हायचे. मी घरी असेन त्या दिवशी हे बघायचे. एकदा न राहवून विचारलं, "काका, ना दाबलं तर काय येतं हो?"

"खबर ना."

"म्हणजे? कधीच दाबलं नाही?"

"जेवलेलों आसतां मगो. जेवून ना कशें दाबूं?"

"मग एक दिवस जेवायच्या आधी दाबा."

"जेवच्या आदीं ती कित्याक विचारतली?" काका म्हणाले. हा उलटा ‘का’ ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, निदान तो प्रोग्राम कागदावर तरी उतरवून ठेवा, यंत्र जुनं आहे, आज आहे उद्या नाही. तर म्हणाले, "कागदार बरयलें म्हणजे हांव वाचतलों. कागद म्हाका विचारचो ना." आणि मग, मी कधी खोटं बटण दाबीन ह्या संशयाने की काय, यंत्र माझ्यापासून थोडं लांब सरकवलं. मशिनीशी खोटं बोललं की मशीन आपल्याशी खोटं बोलायला शिकते, हे त्यांचं पक्कं मत होतं.

सगळ्या घरात पहिला नेम ह्या एकाच यंत्राला लागू नव्हता. त्यात दोन सेल होते, एक यंत्र चालवायला आणि दुसरा त्याची आठवण जपायला. एक काढला तरी दुसऱ्यावर आठवण टिकते. दोन्ही एका वेळी काढले की सगळं पुसलं जातं. म्हणून काका एक सेल दसऱ्याला बदलायचे, हत्यारांच्या पूजेनंतर, आणि दुसरा पाडव्याला. त्या वेळी मला टॉर्च धरून उभं करायचे आणि बोलायची बंदी. फडफडणारी दांडी, दुसरं काय!

मुलगी पुण्याला असते. आईच्या वर्षश्राद्धाला आली तेव्हा तिने बापाला म्हटलं, चल माझ्याबरोबर. काकांनी सालेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आनी हीं सगळीं खंय व्हरूं?" ती भडकली. आई आजारी असतानाही घरात ह्या यंत्रांचाच मान जास्त होता, असं तिच्या मनात होतंच. "मग हांकांच सांग, तुका जेवलो काय म्हणून विचारूंक!" असं बोलून ती निघून गेली. तिने रागाने सांगितलं आणि ह्यांनी ते अक्षरशः केलं. तिचं जुनं यंत्र कपाटातून काढून टेबलावर आणून ठेवलं. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद. हे मला शेजारणीने सांगितलं. काकांनी मला एवढंच सांगितलं होतं की मुलगी पुण्याला असते आणि आठ दाखवते.

मजा पुढेच आहे. दर रविवारी जेवणाच्या सुमारास माझा फोन वाजायचा. पुण्याहून. माझा नंबर तिने त्याच शेजारणीकडून मिळवला होता. "कशी आहेस? पाऊस आहे?" असं इकडचं तिकडचं बोलून मग हळूच, "पप्पा जेवलो?"

"जेवले."

"बरें. म्हजो फोन आयिल्लो म्हणून सांगूं नाका हां."

मी सांगायचे नाही. बाप टेबलावर यंत्राला उत्तर देतोय, मुलगी माझ्या फोनवर तेच विचारतेय, मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीला टेकून मी. दोघांनाही धरून हलवावंसं वाटायचं. एका रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हे बघ, मी काही तुमच्या घरची डबेवाली नाही. जेवला की नाही ते इथे येऊन बघ. चतुर्थीला ये." तिने फोन ठेवून दिला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या रविवारी तिने विचारलं, "माटोळी कोण बांदता आतां?"

चतुर्थीला आम्ही गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली-मळ्यातली फळं बांधतो, सुपारीचे घड, नारळ, तोरिंजन, काकड्या, कांगलां. तीच माटोळी. काका दरवर्षी त्यात, सुपारीच्या घडाशेजारी, त्या वर्षी जिवंत केलेला एक कॅल्क्युलेटर लटकवायचे. नातेवाईक हसायचे, एक म्हातारी काकी चिडायची. काकांचं उत्तर ठरलेलं. "तुमच्या मळ्यांत चिबूड जाता, म्हज्या मळ्यांत हें जाता." भटजी त्या वेळी वर न बघता मंत्र म्हणत राहायचे.

ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटेच्या बसने आली, एकटीच. बाप-लेक दारात एकमेकांसमोर उभे राहिले. "आयलें?" काका म्हणाले. "आयलें," ती म्हणाली. एवढंच. मग त्यांनी तिची पिशवी उचलली आणि तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. चहा पिऊन काका माटोळीचं सामान आणायला डिचोलीच्या बाजारात गेले आणि जाताना मलाही बरोबर घेतलं, ओझं उचलायला. बाजारात ते खूप बोलत होते. मुलगी आल्याचं प्रत्येक बाईला सांगत होते, "चली आयल्या म्हजी."

परत आलो तर साल ओळखू येईना. फरशी पुसलेली, चौरंग मांडलेला. टेबलं रिकामी, अगदी जेवणाचंसुद्धा, कारण त्यावर नेवऱ्यांची ताटं मांडायची होती. सगळी यंत्रं कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत नीट रचलेली. शेजारी बिस्किटांचा डबा. मुलगी घामाघूम, पदर खोचलेला, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी बापाच्या मनासारखं काही केल्याचं समाधान.

"पप्पा, एक-एकाचे सेल काडून डब्यांत घाल्यात हां. तुजो पयलो नेम. विसरूंक ना हांव."

काकांनी सुपारीचा घड खाली ठेवला. डब्याचं झाकण उघडलं, आत हात घातला, सेल चाळवले. करड्या यंत्राचे ते दोन सेल शोधायला त्यांना वेळ लागला नाही. बोटांवर घेऊन बघितले, परत डब्यात ठेवले. मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी असं नजरेने गप्प केलं असेल.

"बरें केलें गो बाय," ते म्हणाले. "एकूय विसरूंक ना."

त्या संध्याकाळी माटोळी बांधताना सुपारीच्या घडाशेजारी त्यांनी ते करडं, कोपरा फुटलेलं यंत्र लटकवलं. मुलगी खालून दोरी देत होती. "अरे, ही म्हजी मरे! अजून चलता?"

"चलता."

"ल्हान आसतना हांवें कितें तरी घाल्लेंलें तातूंत."

"हय," काका म्हणाले, "कितें तरी घाल्लेंलें."

मी खतखत्याच्या भाज्या चिरायच्या निमित्ताने आत निघून गेले. तिथे माझे डोळे भरून आले आणि मला त्या म्हाताऱ्याचा संतापही आला. सांगून टाका ना! ओरडा तरी! पण नंतर माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांनी मुलगी आली, तिने त्यांचाच शब्द पाळला, आणि त्या शब्दापायीच तिचा प्रश्न पुसला गेला. ओरडणार कुणावर?

दीड दिवसाचा गणपती पोहोचवून आल्यावर ती आणखी थोडे दिवस राहिली. स्वतः वाढत होती, समोर बसून खाऊ घालत होती, त्यामुळे जेवलो का असं विचारायचा प्रश्नच नव्हता. बोलणं सगळं मिठाबद्दल आणि मासळीबद्दल. मग ती गेली.

यंत्रं टेबलांवर परत आली. करडं यंत्र मिठाच्या बरणीशेजारी आलं. काकांनी त्यात नवे सेल घातले, पडदाभर आठ काढले. आठ स्वच्छ दिसले. पण प्रश्न आला नाही, नुसती रेघ लुकलुकत राहिली. त्यानंतर त्यांचं दुपारचं जेवण ढळलं. कधी उशिरा, कधी नाहीच. भाताचा टोप झाकलेलाच असायचा. मी विचारलं तर म्हणत, "जेवतां गो, घाय कितें आसा?" गळ्यापाशी शर्ट सैल दिसायला लागला. मला भीती वाटायला लागली, खरंच सांगते.

रविवार उजाडला. फोन वाजला. ती पावसाबद्दल बोलायला लागली तसा मी फोन कानाला लावूनच भिंतीच्या पलीकडे गेले. काका टेबलाशी बसले होते, टोप झाकलेला. तिने विचारलं, "पप्पा जेवलो?" मी म्हटलं, "तूच विचार," आणि फोन मोठ्या आवाजावर करून मिठाच्या बरणीशेजारी ठेवला.

शेवटी तिने विचारलं.

"पप्पा, जेवलो?"

काकांनी टोपाकडे बघितलं. मग करड्या यंत्राकडे. "ना," ते म्हणाले.

"कित्याक?"

"अशेंच."

तिकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. "तर हांवूय जेवना," ती म्हणाली. रागाने. अगदी शाळकरी पोरीसारखी. "तूं जेव आदीं. मगीर हांव."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळलेला होता. "ना दाबल्यार हें येतालें," ते मला म्हणाले. मग उठले, टोपावरचं झाकण काढलं, पानात भात घेतला आणि फोन तसाच चालू ठेवून जेवले. तिकडून तिचं ताट वाजत होतं.

यंत्रात तेच वाक्य होतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मुलीला आठवत नाही. काकांना मात्र शंका नाही.

पुढे चोपड्याला माझं घर झालं, जाण्या-येण्याचीही सोय झाली आणि मी त्या खोल्या सोडल्या. निरोप घ्यायला गेले तेव्हा दुपार होती. काका नुकतेच जेवून उठले होते, माशाच्या हुमणाचा वास अजून हाताला होता. तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन वाजला. आता तो रोज वाजतो. त्यांनी ओल्या हातानेच उचलला, भिंतीकडे तोंड केलं, आणि मशिनीशी कधी खोटं न बोललेला तो माणूस मोठ्याने म्हणाला, "ना गो बाय. अजून जेवूंक ना."